अभ्यासाची इर्जिक

कोल्हारात कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी साळूबाई राऊतकडे यायचा. तिचा नवरा सहादेव तिथंच ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा, पण त्याला कुणी विचारायचं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. लोणीच्या बाजारात साळूबाई पदराचं टोक दातात धरून बैलाभोवती एक फेरी मारी, दात बघे, खूर बघे आणि मग दलालाला म्हणे, "चालवून दाव." उभे असले की सगळेच बैल देखणे दिसतात, खोट काय ती चालताना बाहेर पडते, असं तिचं ठाम मत होतं. या एका मतावर तिनं पंचवीस वर्षांत निम्म्या गावाला बैल निवडून दिले आणि त्यातले दोनच लबाड निघाले. त्या दोघांचं नाव काढलेलं मात्र तिला खपत नसे.

एकाहत्तर साली तिला जे निवडायचं होतं ते बाजारात मिळणारं नव्हतं. तिची लेक पुष्पावती, म्हणजे घरातली पुष्पी, श्रीरामपूरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज एसटीनं जायची, एसटीनं यायची, आणि येताना दप्तरातून बेडकाच्या फॉर्मॅलिनचा वास घेऊन यायची. मिशनच्या दवाखान्यातल्या लिडिया सिस्टरनं तिला सांगितलं होतं की पुण्याला लष्कराचं डॉक्टरीचं कॉलेज आहे, तिथं मुलींनाही घेतात आणि शिक्षणाचा सगळा खर्च सरकार करतं. फक्त त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते आणि तिला देशभरातून मुलं येतात. पुष्पीचं एक वर्ष विषमज्वरात वाया गेलेलं, त्यामुळं वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. बसायचं तर याच वर्षी, मेच्या नऊ तारखेला. पुढच्या वर्षी अर्जच घेतला गेला नसता.

साळूबाईनं अर्ज भरायच्या आधीच सगळ्या गावाला सांगून टाकलं की पुष्पी डॉक्टर होणार. पाणवठ्यावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, पाटाचं पाणी सोडायला आलेल्या कालव्याच्या माणसालाही सांगितलं. सहादेव एवढंच म्हणाला की आधी परीक्षा तरी होऊ दे. त्यावर तिनं त्याला तंबाखूची पुडी आणून दिली, म्हणजे गप्प बस.

या घाईमागं एक जुनी गोष्ट होती. साळूबाई स्वतः नऊ दिवस शाळेत गेली होती. रोज एक अक्षर, क पासून झ पर्यंत नऊ अक्षरं झाली आणि दहाव्या दिवशी घरात भाऊ जन्मला. त्याला सांभाळायला ती घरी राहिली ती राहिलीच. एसटीच्या पाट्यांवर तिला अजूनही तिची नऊ अक्षरं दिसत आणि ती मनातल्या मनात त्यांची नावं घेई. पुढच्या अक्षरांचा तिला राग यायचा, अगदी मनापासून राग यायचा.

तर आता प्रश्न होता तो अभ्यास करायचा कसा. ज्याच्यामुळं तिची शाळा सुटली तो भाऊ, कारभारी, आता नगरला लाकडाच्या वखारीत मुनीम होता. त्याचं म्हणणं, पोरीला नगरला आणा, तिथं या परीक्षेचा खास क्लास निघालाय, नव्वद मुलं बसतात. लिडिया सिस्टरचं म्हणणं, नव्वदात कोण कुणाकडे बघतं, घरी शिकवणी लावा, अब्राहाम गुरुजी रिटायर होऊन गावातच बसलेत. आणि पुष्पीचं म्हणणं असं की मला दोन्ही नको, माझं मी करते, फक्त मला कुणी हाक मारू नका.

साळूबाईनं तिघांचं ऐकून घेतलं आणि तिला जे सुचायचं तेच सुचलं. तिन्ही चालवून बघायचे.

पहिला नंबर क्लासचा. मार्चअखेरीला निवडणुकीचे भोंगे थंडावले, गाडीत बसायला जागा मिळू लागली, तेव्हा ती पुष्पीला घेऊन नगरला गेली. क्लास एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली यंत्र सुरू झालं की वरचे बाक थरथरायचे. क्लासवाले सर चांगले टायबिय लावलेले होते. त्यांनी साळूबाईला सांगितलं की पालकांनी बाहेर बसायचं असतं.

"म्या बाहीरच बसनार हुते," साळूबाई म्हणाली, "पन बाहीरनं दिसत न्हाई." आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

तासभर तिनं तो क्लास निरखला. सर वहीतून वाचत होते आणि नव्वद माना खाली घालून नव्वद जण उतरवून घेत होते. मधे एकदा खालचं यंत्र सुरू झालं, तेव्हा सरांचं एक वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही, तरी कुणी हात वर केला नाही. डाव्या कोपऱ्यातली एक मुलगी तर अर्धा तास झाला लिहीतच नव्हती. तास संपल्यावर साळूबाईनं सरांना विचारलं की त्या कोपऱ्यातल्या पोरीला कुठं अडलं ते तुम्हाला ठाऊक आहे का. सर म्हणाले, आमचा निकाल बघा बाई. मग तिनं त्या पोरीलाच विचारलं. पोर म्हणाली की मला पहिल्या दिवसापासून काहीच कळत नाही, पण वडलांनी पैसे भरलेत. साळूबाईनं गाठोडं सोडून तिला अर्धी भाकरी आणि ठेचा खाऊ घातला आणि परतीची गाडी धरली. गाडीत ती पुष्पीला म्हणाली की ही दावण आहे, पेंड सगळ्यांना टाकतात, कोण खातं ते बघायला माणूस नाही.

मग अब्राहाम गुरुजी. गुरुजी सत्तरीचे, मिशनच्या हायस्कुलात चाळीस वर्षं घालवलेले, काळा कोट घालून सायकलवरून येणारे. त्यांचं इंग्रजी असं की कलेक्टरनंही बसून ऐकावं. साळूबाई त्यांच्यावर पहिल्याच दिवशी खूष झाली, कारण गुरुजी पुष्पीच्या प्रत्येक उत्तरावर "का?" विचारीत. अडचण एवढीच की एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय गुरुजी पुढच्या गोष्टीला हात लावीत नसत, आणि पक्कं कशाला म्हणायचं याची त्यांची कल्पना भलतीच कडक होती. आठ दिवस झाले, इंग्रजीच्या पुस्तकाची पानं झाली चार. सहादेवनं आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून हिशेब घातला. या चालीनं पुस्तक संपायला दीड वर्ष लागत होतं, आणि परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

"बैल लाखाचा हाय," साळूबाई हळहळून म्हणाली, "पन नांगराच्या पैल्या तासातनं भाईरच पडत न्हाई." ही तक्रार तिनं गुरुजींच्या समोर नाही केली. त्यांना चहा दिला, दुधाचा दिला, आणि पोरीला थोडे दिवस तिचं तिला वाचू द्या म्हणून सांगितलं.

राहिली पुष्पीची स्वतःची पद्धत. ती मळ्यातल्या चिंचेखाली पोतं टाकून बसायची आणि पुढंमागं डुलत वाचायची. साळूबाई दिवसातून दहा वेळा काहीतरी निमित्त काढून तिकडून जायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, काय वाचतेस. पुष्पीनं डोळे मिटून इंग्रजीची अशी सरबत्ती लावली की चिंचेवरचे कावळे उडाले. साळूबाई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, मंजे काय?

"आई, तुला न्हाई कळायचं."

"मला न्हाईच कळायचं," साळूबाई म्हणाली. "पन तुला कळलंय का?"

पुष्पीनं पुस्तक आपटलं आणि ती रडायला लागली. कारण खरं सांगायचं तर तिला कळलं नव्हतं. पाठ झालं होतं, रात्री झोपेतही म्हणता आलं असतं, पण कुणी मधेच धरून विचारलं असतं तर तिची दांडी उडाली असती. सगळ्या गावाला आपण सांगून बसलो आणि पोर बुडणार, असं साळूबाईला स्पष्ट दिसलं. गावाचं तिला फारसं नव्हतं. पोरीचीही शाळा दहाव्या दिवशी सुटणार, या विचारानं ती कासावीस झाली.

तीन चाली बघून झाल्या, तीनही लंगड्या. ती तशीच बांधाबांधानं घरी निघाली तर वाटेत गोरक्षची नांगरट चाललेली दिसली. गोरक्ष हा गावातला मोटारपंप दुरुस्त करणारा. दुसऱ्यांच्या मोटारी भरता भरता, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळता गुंडाळता, त्याचं स्वतःचं रान नांगरायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यानं इर्जिक घातली होती. म्हणजे ज्याचं काम मागं पडलं त्यानं गावाला बोलावणं करायचं, प्रत्येकानं आपली औतं घेऊन यायचं, एका दिवसात रान काळं करून टाकायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडं पोटभर जेवायचं. मजुरी कुणी घ्यायची नाही. मात्र ज्यानं इर्जिक घातली त्यानं पुढं प्रत्येकाच्या हाकेला जायचं. आणि बांधावर आलेलं औत, कुणाचंही असो, कसंही असो, परत पाठवायचं नाही. तो त्या माणसाचा अपमान.

साळूबाई बांधावरच थांबली. चौदा नांगर एकामागोमाग एक चालले होते, त्यात सहादेवनं धाडलेली तिची बैलजोडीही होती. एकटाच नांगर असता तर पंधरवडा लागला असता.

घरी येऊन तिनं सहादेवला सांगितलं की एक तारखेला, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला, आपण इर्जिक घालायची. सहादेव म्हणाला की आपली नांगरट होऊन महिना झाला. ती म्हणाली की रानाची नाही, पुष्पीची.

दुसऱ्या दिवशी ती बोलावणी करत फिरली. अब्राहाम गुरुजींनी इंग्रजी आणि सामान्यज्ञान धरायचं, लिडिया सिस्टरनं शरीर धरायचं. गोरक्षला तर ती म्हणाली की काल माझे बैल तुझ्या रानात होते, आता तू वीज धर. साखर कारखान्यात आसाराम नावाचा केमिस्ट होता, रसात चुना किती घालायचा ते बघणारा. त्याला रसायन धरायला लावलं. आसाराम म्हणाला की बाई, मी शिकवलेलं नाही कधी. साळूबाई म्हणाली, नांगुर तर हाय ना घरात? इर्जिकीला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही, तशी त्याचीही झाली नाही.

इथवर सगळं झकास होतं. चूक साळूबाईची झाली ती पुढं. बोलावणी तिनं चौघांनाच केली, पण त्यांच्या दारात उभं राहून, तिच्या त्या खड्या आवाजात केली. आणि इर्जिक म्हटल्यावर आमंत्रणाची वाट कोण बघतं?

एक तारखेला सकाळी सहादेवनं खळं सारवून वर ताडपत्री ताणली आणि मधोमध पुष्पीसाठी बाज टाकली. सातला गुरुजी आले. त्यांच्या मागोमाग लिडिया सिस्टर, गोरक्ष आणि आसाराम आले. आणि त्यांच्या मागोमाग गाव यायला लागलं. शिंपी आला, म्हणाला मापं-गणित माझ्याकडं. पोस्टमन आला, त्याला हिंदुस्थानातली सगळी मोठी गावं पाठ होती. एक रिटायर हवालदार आला, लष्कराची परीक्षा आहे तर पोरीला सलाम तरी ठोकता यायला हवा म्हणून. शेजारची रतनबाई, साठीची, शेरडं राखणारी, ती एक बोकड ओढत आली. मला काही येत नाही, ती म्हणाली, पण जेवणाचं बकरं माझं. आणि बकरं तिचं म्हणून ती सगळ्यात पुढं, बाजेच्या पायाशी, फतकल मारून बसली. आठ वाजेपर्यंत खळ्यावर चाळीस माणसं झाली आणि साळूबाईच्या लक्षात आलं की यातलं एकही औत आपल्याला परत पाठवता येणार नाही.

त्यात इर्जिकीचा नियम असा की सगळे नांगर एकदमच धरायचे. तसे ते धरले गेले. पूर्वेच्या कोपऱ्यातून गुरुजी क्रियापदं विचारीत होते, पश्चिमेकडून आसाराम आम्ल-अल्क सांगत होता, गोरक्ष तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन बाजेभोवती फिरत होता आणि हवालदार दर पाच मिनिटांनी "सावधान" म्हणत होता. सावधान म्हटलं की सवयीनं शिंपी उठून उभा राहायचा. पोस्टमननं मद्रासपर्यंत मजल मारली. पुष्पी बाजेवर भोवऱ्यासारखी चारी दिशांना फिरत होती आणि शेवटी तिला हसू लोटलं. ती हसली म्हणून लिडिया सिस्टर हसली, मग सगळं खळं हसायला लागलं. गुरुजी तेवढे हसले नाहीत, कारण त्यांचं पहिलं क्रियापद अजून पक्कं झालं नव्हतं.

साळूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिला हसू येत नव्हतं. परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि त्यातला एक आपण जत्रेत घालवला, असं तिच्या मनात आलं. हातातली भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी तिनं पिठातच टाकली.

तेवढ्यात लिडिया सिस्टर चुलीपाशी आली. बोकड कापून झाला होता. काळीज-फुप्फुस सगळं टोपल्यात होतं, आणि सिस्टरला त्यातलं हृदय हवं होतं. रश्शात टाकायच्या आधी तासभर द्या, ती म्हणाली. पितळेच्या परातीत ते हृदय घेऊन ती बाजेपाशी गेली, तसे बाकीचे तीनही कोपरे आपापलं सोडून परातीभोवती गोळा झाले. सिस्टरनं विळीनं ते उभं चिरलं आणि रक्त कुठून येतं, कुठं जातं ते सांगितलं. दवाखान्याच्या सवयीनं निम्मं इंग्रजीत सांगितलं.

"मला न्हाई कळलं," रतनबाई म्हणाली. बोकड तिचा होता, तेव्हा कळून घ्यायचा हक्क तिचा होता. "पुष्पे, तू सांग गं."

पुष्पीनं डोळे मिटले आणि पुस्तकातलं घडाघडा म्हटलं.

"न्हाई कळलं."

पुष्पीनं ते मराठीत म्हटलं.

"न्हाई कळलं बाई," रतनबाई म्हणाली. तिला चेष्टा करायची नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की तिनं तीन वर्षं पाळलेल्या जनावराच्या आत काय चाललं होतं.

पुष्पी बाजेवरून खाली उतरली, परात पुढ्यात ओढली आणि बोट घालून दाखवायला लागली. हे चार वाफे समज रतनमावशी. वरचे दोन, खालचे दोन. अंगभर फिरून आलेलं मळकं रक्त उजवीकडच्या वरच्या वाफ्यात येतं, तिथून खालच्यात उतरतं, तिथून फुप्फुसात जातं. तिथं वारा खाऊन चोख होतं आणि डावीकडच्या वरच्या वाफ्यात येतं, मग डावीकडच्या खालच्यात, आणि तिथून पाटानं सगळ्या रानाला.

रतनबाईनं परातीत वाकून बघितलं. "मंग खालचा वाफा दाबला की पानी उलटं वर का जात न्हाई?"

वरच्या-खालच्या वाफ्यांमधल्या झडपांची नावं पुष्पीला तोंडपाठ होती, कुठल्या झडपेला किती पाकळ्या तेही पाठ होतं. त्या असतात कशाला हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तिनं बोटानं तो पातळ पांढरा पडदा उचलला, खाली सोडला, परत उचलला.

"दार आहे," ती हळूच म्हणाली. "एकाच बाजूनं उघडणारं दार आहे. पाणी उलटं यायला लागलं की आपोआप मिटतं. अगं, त्यासाठीच आहे ते." आणि तिनं रक्ताळलेल्या हातानंच रतनबाईचा गालगुच्चा घेतला.

त्यानंतर त्या खळ्यावर जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. गोरक्ष पुढं आला, म्हणाला की मी बारा वर्षं मोटारी भरतोय, तार कशी गुंडाळायची ते मला कळतं, पण मोटार फिरती का, ते सांग बरं. पुष्पीनं सांगितलं, त्याला पटलं नाही, तिनं पुस्तक बघून परत सांगितलं. आसारामनं चुन्याचं सांगितलं आणि ते तिनं पोस्टमनला उलगडून सांगितलं. कुणाला कळलं नाही की तो मोकळेपणानं म्हणायचा, न्हाई कळलं, आणि पुष्पी दुसऱ्या वाटेनं शिरायची. दुपारी अब्राहाम गुरुजी स्वतः कोट काढून शिंप्याशेजारी मांडी घालून बसले, कारण ते रसायन कधी शिकलेच नव्हते. जी जागा पुष्पीला सांगता येत नव्हती तिथं ती पेन्सिलीनं खूण करत होती. संध्याकाळपर्यंत तिच्या पुस्तकांत एकवीस खुणा झाल्या. सगळ्या विषयांच्या मिळून नऊशे पानांत फक्त एकवीस जागा, एवढंच रान पडीक होतं. चौघांनी मिळून त्यातल्या तेरा दिवस मावळायच्या आत नांगरून दिल्या.

साळूबाई पिठाचे हात घेऊन दर घटकेला येऊन उभी राहत होती. जेवणं वाढताना ती इतकी आनंदात होती की तिनं हवालदाराला रस्सा तीनदा वाढला आणि नवऱ्याला एकदाही नाही. हृदय अखेर पातेल्यात गेलं. त्यातला दाराचा तुकडा रतनबाईनं मागून घेतला.

पुढचे सात दिवस पुष्पी परत चिंचेखाली अभ्यासाला बसली, पण एकटी नव्हती. समोर साळूबाई शेंगा फोडत बसायची. पुष्पी मोठ्यानं समजावून सांगायची आणि साळूबाईचं काम एकच, न कळेल तिथं न्हाई कळलं म्हणायचं. हे काम तिनं चोख केलं. खरं तर शेवटचे दोन-तीन दिवस तिला पुष्कळसं कळत होतं, तरीही ती न्हाई कळलं म्हणायची. परत एकदा ऐकायला मिळावं म्हणून.

परीक्षा झाली. पुष्पीनं आल्यावर सांगितलं की रक्ताभिसरणाचा प्रश्न होता, आणि लिहिताना समोर रतनमावशीच दिसत होती. जूनमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीत एका मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं की तयारी कुठं केली, क्लासला की घरी. पुष्पी म्हणाली, इर्जिकीत. त्यांना इर्जिक समजावून सांगण्यात तिची निम्मी मुलाखत गेली, आणि ते तिला फारच सोपं गेलं.

निकालाचं पत्र पोस्टमननं सायकलवरून ओरडतच आणलं. पुष्पी नेमकी श्रीरामपूरला गेली होती. पत्र इंग्रजीत, म्हणून सगळे गुरुजींकडे धावले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली. मग वरचा पत्ता वाचला. मग पहिल्या वाक्यातलं क्रियापद कर्मणी आहे, असं सांगून ते साळूबाईकडं बघत थांबले.

"गुर्जी," साळूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आज येवढ्या बारीला तास मोडा आन् बांधावर चला."

गुरुजी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मधली चार वाक्यं गाळून शेवटच्या वाक्यावर गेले. पुष्पीची निवड झाली होती. साळूबाई तिथंच खाली बसली आणि हसत सुटली, आणि मग तिला हसू आवरेना.

पुष्पी पुण्याला गेली. घर सुनं झालं. चिंचेखालचं पोतं साळूबाईनं उचललं नाही, तिथंच बसून ती शेंगा फोडायची. श्रावण सरला होता. एका बाजारच्या दिवशी रतनबाई आली. बरोबर तिची नात होती, दहा-अकरा वर्षांची, बनी, शाळेतून काढून शेरडांमागं लावलेली. रतनबाईच्या हातात पळसाच्या पानाचा पुडा होता. तिनं तो साळूबाईपुढं ठेवून उघडला. आत बोकडाचं हृदय होतं.

"इर्जिक फेडायची हाय ना?" रतनबाई म्हणाली. "हिला रगताचं सांगायचं."

साळूबाई म्हणाली की पुष्पी दिवाळीला येईल, तेव्हा ये.

"इर्जिक पुष्पीनं घातली नव्हती. तू घातली हुती."

मला नऊच अक्षरं येतात, असं साळूबाई म्हणणार होती, पण समोरची पोर आधीच पोत्यावर बसून टकमक बघत होती. इर्जिकीची हाक आली होती आणि ती मोडता येत नव्हती. तिनं घरातून विळी आणली, हृदय उभं चिरलं, पंजानं दोन्ही भाग उघडून धरले.

"ह्ये बघ बने. ह्ये चार वाफे. वरलं दोन, खाललं दोन." आणि ती सांगत गेली. मळकं रक्त, वारा खाणं, चोख होणं, पाट, सगळं. शेवटी तिनं तो पांढरा पडदा बोटावर उचलून धरला आणि सांगितलं की हे दार, हे एकाच बाजूनं उघडतं. कुठंच अडलं नाही. संपलं तेव्हा तिचं तिलाच खरं वाटेना.

बनीनं पळसाच्या पानाकडं बघितलं, मग साळूबाईच्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाई कळलं," ती म्हणाली.

साळूबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. पोरीचे डोळे लकाकत होते. सगळं कळलेलं होतं लबाडाला. साळूबाईनं पदर खोचला, सरसावून बसली आणि पहिल्या वाफ्यापासून परत सांगायला लागली.